नामपूरच्या पानावरचे देवरे

बॅरिस्टर सावळीराम देवरे मुंबईहून मोटारीने आले ते थेट आमच्या ओट्यावर. सदतीस सालची निवडणूक. अख्ख्या देशात प्रांतोप्रांती मतं पडणार होती आणि या गृहस्थांना आमच्या जिल्ह्यातून निवडून यायचं होतं. जिल्ह्याशी संबंध एवढाच, की मुंबईत यांना कुणी उभं करत नव्हतं. विरोधक उपरा म्हणून हिणवत होते, तेव्हा त्यांना इकडचा एक आजोबा हवा होता.

आजोबा आमच्याकडे मिळतात. ढुंढिराजशास्त्री रामकुंडावरचे तीर्थोपाध्ये, आणि मी बाळाजी, त्यांचा कारकून. यात्रेकरू आला की वहीत त्याच्या गावाचं, त्याच्या कुळाचं पान उघडायचं आणि पूर्वी कोण येऊन गेलं ते वाचून दाखवायचं. पणजोबाची सही पाहून माझ्यासमोर माणसं रडली आहेत. वहीत खोटी ओळ नाही, एवढीच आमची अब्रू. बाकी आम्ही कसे आहोत ते नाशकात सगळ्यांना ठाऊक आहे.

पण शास्त्रीबुवांना रावसाहेब व्हायचं होतं आणि बॅरिस्टरांची वर ओळख होती. बागलाणातल्या नामपूरच्या देवऱ्यांचं पान निघालं. खाली चार बोटं जागा कोरी होती.

"लिही," शास्त्रीबुवा म्हणाले. "नाहीतर दुसरा कारकून बघतो."

आजोबांचं नाव विचारलं तर बॅरिस्टर रस्त्याकडे बघू लागले. "जुनं वाटेल असं काहीतरी घाला ना!"

मी 'गोरक्ष' घातलं. शके १७९०, पाणी घालून फिकी केलेली शाई, वळणदार मोडी. माझं अक्षर सुरेख आहे, आग लागो त्याला.

चार दिवसांनी सकाळी घाटावर सभा झाली. बॅरिस्टर तेल लावून भांग पाडून आणि मिशांना पीळ देऊन आले होते. त्यांनी वही डोक्यावर धरली, डोळे पुसले आणि गरजले, "मी नामपूरच्या देवऱ्यांचा! हे माझ्या आजोबांचं नाव, गोरक्ष देवरे!" टाळ्या पडल्या. शास्त्रीबुवांनी तर दोनदा टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात कुंडाच्या पायऱ्यांवरून एक माणूस धावत आला. डोकं ताजं भादरलेलं, अंगावर ओला पंचा. नामपूरचा गेणू देवरे, आमचाच यजमान. बापाचा दहावा करायला भावांना घेऊन आला होता.

"हाऊ आमना भाऊबंद शे!" तो आनंदाने ओरडला. "दादा, आज आमना बापना दहावा शे. तुले सुतक शे. चल, न्हावी बसेल शे!"

भाऊबंद म्हटला की डोकं भादरायचं, मिशा उतरवायच्या. त्याशिवाय सुतक फिटत नाही. ही एवढी गोष्ट आम्हा तिघा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. बॅरिस्टरांचा हात मिशांवर गेला. उद्या त्यांचा फोटो छापायचा होता.

"कोण हा? मी याला ओळखत नाही!" ते म्हणाले.

लोक हसू लागले. गेणू हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"साहेब खोटं बोली राह्यना. वही खोटी नही. पंत, तुम्हीच सांगा."

खरं सांगितलं असतं तर बॅरिस्टर तिथेच संपले असते. पण त्यांच्याबरोबर वहीही संपली असती, आणि गेणूचा बाप, आजा, पणजा सगळे संशयात पडले असते. असं मी स्वतःला अजून सांगतो. खरं म्हणजे मला नोकरी हवी होती.

"वही खरी आहे," मी म्हणालो.

मग लोकांनी बॅरिस्टरांना मोटारीपर्यंत हुर्यो करत पोचवलं. रक्ताच्या भावाला ओळख न देणाऱ्याला बागलाणात कोण मत देणार? पडले. मुंबईला गेले ते परत आले नाहीत. मिशा मात्र शाबूत राहिल्या.

गेणू पिंडांपाशी जाऊन बसला. शास्त्रीबुवांनी घसा खाकरून मंत्र सुरू केले, तर त्याने हात जोडले.

"महाराज, त्याले आमनी लाज वाटस. पन त्याना आजाना काय गुन्हा? गोरक्षबाबाना नावना बी एक पिंड ठेवा."

नावं वाचून दाखवायचं काम माझं. मी वही उघडली, नामपूरचं पान काढलं आणि कधीच न जन्मलेल्या माणसाचं नाव खणखणीत वाचलं. गेणूने डोळे मिटून नमस्कार केला. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.