पहिला ठोका

डेपोच्या विश्रांतीखोलीत त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. थोरल्यांची नवी गाणी आली होती, बारा वर्षांनी, आणि ती चांगली की वाईट यावरून दोन शहाणीसुरती माणसं एकमेकांशी अबोला धरायच्या बेतात होती.

थोरले म्हणजे गळ्यात बेस गिटार अडकवून फंक, म्हणजे ठेक्यावर नाचवणारं संगीत, गाणारे एक म्हातारे गृहस्थ. वय त्र्याहत्तर. दुपारी तिथे जमणाऱ्या तिघांपैकी कुणी त्यांना लांबूनही पाहिलेलं नव्हतं, पण बोलायचे असे की थोरले मागच्याच गल्लीत राहतात आणि सकाळी दूध आणायला जाताना भेटतात. फंकचा कायदा साधा. चार ठोक्यांतला पहिला महत्त्वाचा. मधे वाटेल तो धुडगूस घाला, पण पहिल्या ठोक्यावर सगळ्यांनी एकदम घरी यायचं. चाळीस वर्षं थोरले त्या ठोक्यावर सगळ्यांच्या आधी हजर असायचे. नव्या गाण्यांत मात्र त्यांचं बोट किंचित मागे पडत होतं.

"हात गेलाय," मिस्त्री म्हणाला. डेपोतली इंजिनं त्याच्या हाताखालची. भंगारात काढलेल्या बसचा स्पीकर लाकडी पेटीत बसवून त्यानेच हा दुपारचा अड्डा सुरू केला होता. "उशीर तो उशीर. गाडीचं टायमिंग असं चुकलं असतं तर मी इंजिन उतरवलं असतं."

"ते मुद्दाम आहे," लोणीभाऊ तावातावाने म्हणाला. "एवढी वर्षं वाजवलेल्या माणसाला ठोका कुठे आहे ते कळत नाही होय? ते थांबतात. ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवतात. जवानीत हे जमत नाही."

"हं. आपला तो बाब्या," मिस्त्रीने टोमणा मारला.

लोणीभाऊ ड्रायव्हर होता. सत्तावीस वर्षं एकच मार्ग. त्याचा ब्रेक इतका मऊ लागायचा की उभ्या माणसाच्या हातातला भरलेला पेला हिंदकळत नसे, म्हणून पोरांपासून साहेबांपर्यंत सगळे त्याला लोणी म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती स्टिअरिंगवरच काढायची, अपात्र ठरलेल्या ड्रायव्हरांसारखी नळी घेऊन बस धुण्यात नाही, एवढी एकच गोष्ट त्याला आयुष्याकडून हवी होती.

आणि नेमका त्याचा उजवा पाय ऐकेनासा झाला होता.

दुखत नव्हता, थरथरत नव्हता. डोळ्यांना दिसायचं, डोक्याला कळायचं, पण पाय ब्रेकवर यायला हुंकाराएवढा वेळ घ्यायचा. दर सहा महिन्यांनी डेपोत तपासणी असे. अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसायचं, समोर लाल दिवा लागला की पॅडल दाबायचं. बारा वेळा. यंत्र जुनं होतं, आतून कट् कट् आवाज यायचा. लोणीभाऊच्या कानांनी तो पहिल्या मिनिटातच पकडला. तीन कट् अंधाराचे, चौथ्यानंतर दिवा. म्हणजे दिव्याची वाट बघायचं कारणच नाही. गेल्या खेपेला त्याने आयुष्यभर थोरल्यांबरोबर मोजले तसे ठोके मोजले, पाय आधीच उचलला, आणि बाराच्या बारा दिवे गाठले. कागदावर शेरा आला: उत्तम. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अड्ड्यातला तिसरा त्याचा कंडक्टर. एकोणीस वर्षं दोघांची एकच बस. काटकुळा, कमी बोलणारा माणूस. दोघांचे वाद ऐकत तो आठवडाभर गप्प होता. गुरुवारी त्याने डबा बाजूला सारला आणि म्हणाला, "तुम्ही दोघंही चुकीच्या माणसाला ऐकताय. बेस सोडा. ड्रमवाल्याला ऐका."

त्याने एक जुनं गाणं लावलं, मग नवं. थोरल्यांचा ड्रमवाला पहिल्यापासून तोच होता.

"जुन्यात तो घड्याळासारखा आहे. नव्यात बघा. पहिला ठोका आला की हा अडखळतो, जरासाच. थोरल्यांचं बोट पडलं की मग मारतो. सगळीकडे नाही, जिथे थोरल्यांना जड जातं तिथेच. म्हणून उशीर आहे त्याहून कमीच वाटतो. तो थांबतोय त्यांच्यासाठी."

मिस्त्री खो खो हसला. "म्हणजे मी बरोबरच बोललो की! हात गेलाय, आणि दुसरा सांभाळून घेतोय. वर हे म्हणे मुद्दाम! नाचता येईना अंगण वाकडं."

"पण मला काही ऐकू येत नाही तसलं," मिस्त्रीच पुढे म्हणाला. "ड्रमबिम ठीक आहे. म्हाताऱ्याने आता घरी बसावं."

लोणीभाऊने कंडक्टरकडे पाहिलं, आणि कंडक्टर डब्याचं झाकण लावण्यात नको तितका रमला होता.

दुपारच्या फेरीला लोणीभाऊने कान घंटीकडे लावले. कुणाला उतरायचं असलं की कंडक्टर दोरी ओढायचा आणि घंटी वाजली की लोणीभाऊचा पाय निघायचा. दवाखान्याच्या थांब्याची घंटी वर्षानुवर्षं कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीपाशी वाजायची. आज ती पेटीच्या दोन खांब आधी वाजली. शाळेच्या थांब्याची चढावर वाजायची, ती चढाच्या पायथ्याशीच. तळ्याच्या थांब्याचीही तेच. आणि बस मात्र प्रत्येक ठिकाणी अगदी मऊ, अगदी नेमकी उभी राहत होती. लोणी!

त्याचे कान तापले. आपण इतके दिवस आपल्याच पायावर खूश होतो याची त्याला भयंकर लाज वाटली, आणि लाजेचा राग व्हायला वेळ लागत नाही.

शेवटच्या थांब्यावर उतारू उतरल्यावर तो मागे वळला. "किती दिवस चाललंय?"

कंडक्टरने कशाबद्दल म्हणून विचारलंसुद्धा नाही. "आठ महिने."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?"

"मी काय पांगळा आहे? तपासणीत बारापैकी बारा आहेत माझे!"

"कसे आहेत ते मला ठाऊक आहे, लोणी. मीही फंकच ऐकतो." कंडक्टर सीटवर बसला. "साहेबांना सांग. मी येतो बरोबर. थांब्याची घंटी मी आधी वाजवीन रे, पण मधेच कुणी रस्त्यात आलं तर त्याची घंटी कोण वाजवणार? मला रात्री झोप लागत नाही."

हे बोलणं ऐकायला हवं होतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. "मला सांभाळून घ्यायची गरज नाही," लोणीभाऊ म्हणाला. "घंटी जिथे वाजवायची तिथेच वाजवायची. एक इंच आधी नाही. एवढं तरी कर माझ्यासाठी."

कंडक्टर सीटवरून उठला. मग "बरं" म्हणाला आणि मागच्या दाराने उतरला.

त्या थांब्यावर बस वळवायला जागा नव्हती. मागे घेऊन भिंतीपर्यंत न्यायची, मग पुढे काढायची. मागे घेताना कंडक्टर बसच्या पाठीशी चालायचा आणि पत्र्यावर थापा मारायचा. दोन थापा म्हणजे ये, एक म्हणजे थांब. नियमाप्रमाणे त्याने बाजूला, आरशात दिसेल असं उभं राहायचं. पण बाजूला गटार उघडं होतं, म्हणून सगळ्याच गाड्यांचे कंडक्टर भिंतीच्या अंगाला उभे राहत. थांबायची थाप भिंत दोन हातांवर आली की द्यायची. आठ महिने तो ती चार हातांवर देत होता.

दोन थापा. दोन थापा. लोणीभाऊ दात आवळून मागे घेत होता आणि त्या एका थापेची वाट बघत होता.

थाप बरोबर दोन हातांवर पडली. रागाने तिथे मारली की दिलेला शब्द पाळायचा म्हणून, हे आता कुणाला विचारायचं? पाय निघाला. हुंकाराएवढा वेळ गेला. मग पत्र्यावर आणखी एक थाप पडली, खूप जोरात, आणि त्यानंतर एकही नाही.

कंडक्टर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला.

चौकशी तासाभरात उरकली. ड्रायव्हरची तपासणी: उत्तम. कंडक्टर उभा होता ती जागा: नियमबाह्य. निष्कर्ष: मृताचा निष्काळजीपणा. साहेबांनी लोणीभाऊच्या खांद्यावर हात ठेवून सोमवारपासून कामावर यायला सांगितलं. नवा कंडक्टर देतो म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात कंडक्टरची बायको बाकावर बसली होती. तिच्या हातात त्याच निष्कर्षाचा कागद होता.

"वहिनी," लोणीभाऊ म्हणाला आणि बाकापाशी थांबला.

"माणूस गेला तो गेला," ती म्हणाली, "वर जाता जाता त्याची अक्कल काढली. एकोणीस वर्षांत एकदा तरी निष्काळजी होते का हो ते, भाऊजी? तुम्हीच सांगा."

लोणीभाऊ तसाच आत परतला आणि साहेबांना सगळं सांगून मोकळा झाला. पाय, दिवे, घंटी, दोन हात, सगळं. साहेबांना वाटलं, दुःखाने माणसाचं डोकं फिरलंय. तरी ते भले गृहस्थ. म्हणाले, चला, परत तपासू.

अंधाऱ्या खोलीत लोणीभाऊ खुर्चीवर बसला. या वेळी मोजायचं नाही, असं त्याने मनाला बजावलं. कट्, कट्, कट्. पण चाळीस वर्षांची सवय मनाला थोडीच विचारते? पाय आपसूक उचलला गेला. बाराच्या बारा.

"बघा, काही झालेलं नाही तुम्हाला," साहेब म्हणाले.

लोणीभाऊला रडू फुटलं. मग तो उठला आणि मिस्त्रीला घेऊन आला, फोन आणि हेडफोन घेऊन. "मिस्त्री, थोरल्यांचं नवं लाव. मोठ्याने. यंत्राचा आवाज कानावर येता कामा नये."

गाणं सुरू झालं. त्याचे ठोके वेगळेच होते, यंत्राच्या कट्शी त्यांचा मेळ नव्हता. लोणीभाऊ गाण्याबरोबर मोजत राहिला आणि दिवे यंत्राला हवे तेव्हा लागत राहिले. पाय प्रत्येक वेळी निघाला आणि प्रत्येक वेळी मागे पडला. बारापैकी एकही वेळेत नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "पण कानात एवढा गोंगाट असेल तर कुणाचाही पाय चुकेल."

"मग मला बसवा," मिस्त्री म्हणाला.

तो बसला. तेच गाणं, तोच आवाज. बाराच्या बारा वेळेत. साहेबांनी जुना कागद फाडला नाही, तसा फाडता येत नाही. त्याखाली नवा जोडला आणि लिहायला घेतलं. दोष ड्रायव्हरच्या नावावर आला, कंडक्टरच्या नावावरून उतरला. लोणीभाऊने बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि लिहिलेलं पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितलं. बाहेर जाऊन वहिनींना त्याला ते शब्दशः सांगायचं होतं.

मिस्त्री अजून खुर्चीतच होता. दिवे केव्हाच बंद झाले होते, तरी त्याने हेडफोन काढले नव्हते. गाणं संपेपर्यंत तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"थांबतोय रे," तो म्हणाला. "ड्रमवाला खरंच थांबतोय."