सुभद्रा नावाची काचपट्टी

मित्रांनो, मी बोटाएवढी लांब, जुनी काचपट्टी. पिंपरीतल्या एका प्रयोगशाळेच्या खोक्यात मी उभी असते. कारखान्यात मला कापलं, कडा घासल्या, लख्ख पुसलं, तेव्हा वाटलं होतं, आपण वर्षानुवर्षं कामाला येऊ. पण आम्हा काचपट्ट्यांना काम एकदाच मिळतं. माझ्या वाट्याला कस्तुरा आली.

चाकणजवळच्या एका कंपनीत तोंडाच्या तपासणीचं शिबिर होतं. आरोग्यसेविका स्नेहलताईंनी कँटीनच्या टेबलावर आम्हाला मांडलं. पॅकिंगच्या बायका लांबूनच कुजबुजत होत्या. दातांना तंबाखूची मिश्री लावणाऱ्यांची नावं काँट्रॅक्टरला कळणार आणि तो कामावरून काढणार, असा त्यांना दाट संशय होता. त्यांच्यातल्याच कस्तुराच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला होता, तिखट सोसवत नव्हतं, म्हणून ती पुढे आली. नजर मात्र दाराकडे.

“नाव काय, ताई?”

“सुभद्रा,” कस्तुरानं ठोकून दिलं.

“फोन नंबर?”

“न्हाई फोन.” तेवढ्यात तिच्या पिशवीत फोन वाजला. स्नेहलताईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“कापणार न्हाई ना?”

“नाही. नुसता ब्रश फिरवायचा.”

चट्ट्यावर ब्रश फिरला आणि तिच्या पेशी माझ्या अंगावर पसरल्या. माझ्या एका टोकावर पेन्सिलीनं ‘सुभद्रा’ लिहिलं गेलं. प्रयोगशाळेत मला रंगात बुडवलं. सूक्ष्मदर्शकाखाली डॉक्टर माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. पेशी संशयास्पद होत्या. मी निदान करत नाही, मित्रांनो. मी फक्त वेळेवर संशय घेते.

पुढचं मी स्नेहलताई डॉक्टरांना सांगत असताना ऐकलं. त्या कंपनीत गेल्या तर सुपरवायझर म्हणाला, “सुभद्रा नावाची कोणी नाही इथं.” त्यांच्या सारं ध्यानात आलं. त्यांनी जास्त काही विचारलं नाही. बाहेर येऊन गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसल्या. शिफ्ट सुटली. कस्तुरानं त्यांना पाहिलं आणि मान खाली घालून निघून गेली. दुसऱ्या दिवशीही त्या तिथंच. तेव्हा मात्र ती जवळ आली.

“ती सुभद्रा माझ्या वळखीची हाय. काय निघालं तिचं?”

“तिला सांगा, पेशी संशयास्पद आहेत. कॅन्सरच आहे असं नाही. पण लहानसा तुकडा काढून तपासायला हवा. आत्ता आली तर थोडक्यात निभावेल.”

“आन् तिचं काम गेलं तर?”

“मी आत कुणाला काही सांगितलेलं नाही. पण रजा लागेल. काँट्रॅक्टर काय करेल, ते मी कसं सांगू?”

ती त्यांच्या शेजारी बाकावर टेकली. मग म्हणाली, “उंद्या माजी सुट्टी हाय. मी येते.”

तुकडा तपासला तेव्हा कॅन्सरच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. शस्त्रक्रिया झाली. तोंड अजून पुरतं उघडत नाही. भाकरी दुधात कुस्करून खावी लागते. मिश्री सुटली. तिचा संशय अगदीच खोटा नव्हता: रजेवरून परतली तर तिच्या जागेवर दुसरी बाई होती. आता ती चिखलीतल्या एका वर्कशॉपमध्ये काम करते, आणि स्वतःच्या नावानं तपासणीला येते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाच्या तोंडातला चट्टा दोन आठवड्यांत बरा होत नसेल. विचारलं तर ते “काही नाही” म्हणतील. त्यांच्यावर चिडू नका. भीती वाटली की माणूस खोटं बोलतो. तपासणीला त्यांच्यासोबत जा, आणि बाहेरच्या बाकावर बसून राहा.