माशाची चार मिनिटं

आमच्या ओहायोतल्या गावात पहिली नोकरी म्हणजे हमरस्त्यावरचं बर्गरचं दुकान. छत्तीस वर्षं मी तिसरीच्या मुलांना पाढे शिकवले, पण भराभर हात चालवायला ती त्या दुकानातच शिकली. वाढदिवस तिथे, सामना जिंकला की तिथे, कारखान्यातली नोकरी गेली तरी तिथेच.

करोनाच्या साथीच्या त्या वसंतात दुकानाचं दार बंद झालं. गाडीत बसून खिडकीशी जायचं, पुडकं घ्यायचं, निघायचं. पायी आलेल्याला काही मिळत नसे. गाड्यांच्या रांगेत अपघात होईल म्हणून तसा नियमच होता.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी गाडी रांगेत घालणार, तेवढ्यात बाजूला एक भलामोठा ट्रक दिसला. त्याचा ड्रायव्हर दुकानाच्या काचेपाशी उभा राहून आत हात हलवत होता. व्हर्नन टॅकेट. माझाच जुना विद्यार्थी.

"सातचा पाढा पाठ झाला का रे?" मी विचारलं.

"ट्रकला सात लागत नाही, बाई." तो हसला, पण नजर काचेवरच. "आत मार्ली आहे. पाच आठवडे झाले पोरीला बघून."

मार्ली त्याची एकुलती एक मुलगी, अठरा वर्षांची. ती आजीजवळ राहायची आणि आजीची छाती अधू. पाच राज्यं फिरणारा व्हर्नन आजार घरात नको म्हणून ट्रकमध्येच झोपायचा.

"फोनवर नुसतं 'हो बाबा, बरं बाबा'. एकदा बघायचंय हो. ट्रक त्या खिडकीवरच्या छताखालून जात नाही, चालत गेलो तर मॅनेजर हाकलतो. म्हणतो, कामावरची दोघं आजारी आहेत, ती खिडकी सोडणार नाही. आणि अर्ध्या तासात मला निघायला हवं."

"मागे बस," मी म्हटलं. "मास्क लाव, काचा खाली कर."

आमच्या पुढे आठ गाड्या होत्या.

"खिडकीशी किती वेळ मिळतो?"

"मिनिटभर. आत प्रत्येक गाडीचे सेकंद मोजतात." मग मला युक्ती सुचली. "असं कर, मासा मागव. तो आधी तळून ठेवत नाहीत. चार मिनिटं तरी लागतील."

"मला मासा आवडत नाही."

"तुला खायला कोण सांगतंय?"

पुढच्या खांबावरच्या स्पीकरमधून आवाज आला, "नमस्कार, काय देऊ?"

मार्लीचाच आवाज. व्हर्नन खिडकीतून वाकून स्पीकरकडे बघतच राहिला.

"अरे, बोल!"

"मासा. म्हणजे, एक फिश सँडविच."

"चार मिनिटं लागतील, सर. चालेल?"

"चालेल."

खिडकीत मास्क लावलेली मार्ली, कानाला हेडफोन. तिने व्हर्ननकडे पाहिलं आणि तिचा हात चौकटीवर तसाच राहिला. मागून मॅनेजर ओरडला, "मासा ना? दोन नंबरला थांबव त्यांना, रांग अडते!"

वेळ लागणाऱ्यांना बाजूला थांबवतात, हे मी इतकी वर्षं तिथे खाऊन विसरले होते.

"पुढे घ्या, बाई," मार्ली गिऱ्हाइकांशी बोलायच्या आवाजात म्हणाली. "कुणीतरी आणून देईल."

मी गाडी दोन नंबरच्या पाटीपाशी नेली. आरशात बघायचा धीर होईना. अख्खा प्रश्न वाचून मग उत्तर लिहा, असं जन्मभर मुलांना सांगितलेली मी.

"चुकलं रे माझं."

"असू दे, बाई. डोळे तरी दिसले."

चार मिनिटं गेली. मग बाजूचं दार उघडलं आणि पुडकं घेऊन मार्ली स्वतःच बाहेर आली.

"मॅनेजर दुसऱ्याला पाठवत होता. म्हटलं, हा मासा मीच नेणार. जन्मात कधी मासा खाल्ला नाहीस, आणि म्हणे चालेल!"

"वाळलीस गं."

"टोपीमुळे वाटतं तुला."

"आजी?"

"भांडते रोज. म्हणजे बरी आहे."

तिने पुडकं बॉनेटवर ठेवलं, सहा पावलं मागे गेली आणि मास्क खाली ओढला. "घे, बघ."

व्हर्ननने आपलाही मास्क उतरवला. मी स्टिअरिंगकडे बघत बसले.

तिच्या कानातला हेडफोन खरखरला. "नमस्कार, काय देऊ?" असं कुणा तिसऱ्यालाच म्हणत, बापाकडे तोंड ठेवून, ती मागे मागे चालत दारापर्यंत गेली.

मी पुडकं व्हर्ननला दिलं आणि गाडी त्याच्या ट्रकपाशी आणून थांबवली.

"निघायची वेळ झाली ना तुझी?"

"हो, बाई," तो म्हणाला, आणि पुडक्याभोवती दोन्ही हात धरून बसूनच राहिला.