मॉनिटरची भूमिका

माझ्या भाचीला, माऊला, शाळेत ‘अटकी’ म्हणायचे. बोलताना पहिलं अक्षर तिच्या घशात रुतून बसतं आणि बिचारी डोळे घट्ट मिटून ते ढकलत राहते. वर्गाची मॉनिटर, तोऱ्यात वावरणारी एक कार्टी, तिच्यासमोर टाळ्या वाजवायची, “चला गं, धक्का मारा, गाडी अटकली!” अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा. हळूहळू माऊने बोलणंच टाकलं, शाळेतही आणि घरातही. भूक लागली तरी ओट्यापाशी येऊन नुसती उभी राहायची. माझा जीव तुटायचा.

ताई, म्हणजे माऊची आई, नर्स आहे. नवरा गेल्यापासून दोघी माझ्याकडेच राहतात. ड्यूटीवरून आली की तिचा प्रश्न ठरलेला, “आज काही बोलली?” मी नकारार्थी मान हलवली की ती चपला न काढताच खुर्चीत बसायची.

शेवटी मी शाळेत जाऊन भांडले. तावातावाने भांडले, गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही. वर्गाच्या बाई तशा भल्या होत्या. म्हणाल्या, “शिक्षेने मुलं चिडतात, त्यांना कळत काही नाही. दुसऱ्याच्या जागी उभं राहिलं की कळतं. आपण नाटक बसवू. मॉनिटर अडखळणारी मुलगी होईल आणि तुमची माऊ होईल मॉनिटर.”

“अहो, तिच्या तोंडून शब्द फुटत नाही आणि तिला नाटकात कसलं घालताय?”

“बघा तर खरं,” बाई म्हणाल्या.

नाटकाला पालकांना बोलावलं होतं. ताईने रजा टाकली. आधी मॉनिटर आली, डोळे मिटून, मान झटकत, “म… म… मला…” आणि हॉलमध्ये हशा पिकला. मुलं हसली ती हसली, मेले पालकही हसले. डोक्यात तिडीक गेली माझ्या. ताई खाली मान घालून बसली होती.

मग माऊ आली. कमरेवर हात ठेवून तिने मॉनिटरभोवती एक चक्कर मारली.

“काय गं अटकी, जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक वाक्य होईल का? की आईला बोलावू धक्का मारायला? जीभ दुरुस्तीला टाक ना जरा!”

एकदाही अडली नाही. अगं बाई, मला तर खरंच वाटेना! बाईंनी लिहून दिलेले संवाद केव्हाच संपले होते. माऊने आजवर स्वतः ऐकून घेतलेलं एकेक ती मॉनिटरला परत करत होती. मॉनिटर स्टेजवर खरीखुरी रडायला लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला. ताई ढसाढसा रडत म्हणाली, “बोलली गं माझी पोर!” मीही रडले, खोटं कशाला सांगू.

त्या दिवसापासून तिला कोणी अटकी म्हटलं नाही. मॉनिटर तर तिच्या वाटेलाही जात नव्हती. घरात माऊचा आवाज घुमायला लागला. ताई स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून ऐकत राहायची आणि मला खुणावायची, ऐक, ऐक.

माझी लेक पिल्लू अजून बालवाडीत आहे, बोबडं बोलते. माऊताई म्हणजे तिचा जीव की प्राण. दोघी आतल्या खोलीत शाळा-शाळा खेळायच्या, मी मशीनवर शिवत बसलेली असायचे. काल पिल्लू ओट्यापाशी येऊन उभी राहिली. “काय हवंय गं?” विचारलं तर नुसती माझ्याकडे बघत राहिली.

आज मशीन बंद करून आतल्या खोलीच्या दाराला कान लावला.

“काय गं बोबडे, परत म्हण. अं हं, चुकलं! जीभ दुरुस्तीला टाक!” स्वच्छ, खणखणीत आवाज.

मी दार ढकलून आत गेले. “माऊ! खबरदार पुन्हा असं बोललीस तर! तुला कसं वाटायचं, विसरलीस?”

माऊचा चेहरा उतरला. “म… म… म…” तिने डोळे घट्ट मिटले. मावशी हा शब्द काही केल्या बाहेर येईना.

तेवढ्यात ताई आली. माऊ तिला जाऊन बिलगली. “काय केलंस तू हिला?” ताई माझ्यावर ओरडली. मी सगळं सांगितलं. मग माऊला बाहेर पाठवून माझ्याजवळ आली, हळू आवाजात म्हणाली, “पिल्लू लहान आहे गं. तिला काय कळतंय? थोडे दिवस चालवून घे ना. माझी पोर आत्ता कुठे बोलायला लागलीय.”

मी माझ्या सख्ख्या बहिणीकडे बघत राहिले. काहीतरी लागट बोलणार होते, पण तिचे हात जोडलेले होते.

पिल्लूला कडेवर घेऊन मी स्वयंपाकघरात आले. “सांग बाळा, काय देऊ?” म्हटलं. “सांग ना. कोणी काही म्हणणार नाही.”

पिल्लूने दाराकडे पाहिलं आणि बोटाने डबा दाखवला.