पुलाअलीकडची म्हातारी

या वस्तीतलं निम्मं हसू कवळीवाल्या ताईंच्या हाताखालून गेलेलं आहे. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे येतात, ताई त्यात प्लास्टर ओततात, मेणात एकेक दात बसवतात, आणि कवळी तयार झाली की ती इतकी घासतात की माणसाला वाटावं, हे दात आईनेच दिले होते. उरलेलं प्लास्टर कोण टाकून देईल? ताईंनी त्याचे बुरूज केले, राक्षस केले, घोडे केले, आणि गेली तीन वर्षं दर रविवारी दुपारी दोन ते पाच हे सगळं चपलेच्या खोक्यात भरून त्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत नेत आल्या.

तिथे चालतो रोल-प्लेइंग गेम. नाव परदेशी, गोष्ट जुनीच. टेबलाभोवती माणसं बसतात, प्रत्येकाने एक सोंग घेतलेलं असतं. बसचे एक ड्रायव्हर त्यात सेनापती आहेत, हॉस्पिटलातली सिस्टर चोर आहे (आणि ते तिला फार शोभतं), आणि कॉलेजात जाणारी एकोणीस वर्षांची मुलगी वैदू आहे. ताई जग सांगतात, नदी कुठे, वाडी कुठे, राक्षस कुठे. बाकीचे सांगतात की आपण काय करतो. काम अवघड असेल तर फासे टाकायचे, मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं.

दोन नियम आहेत. एक, झालेलं परत घ्यायचं नाही. मेला तो मेला. दुसरा, टेबलाच्या मधोमध बिजागरीवर बसवलेला एक प्लास्टरचा जबडा असतो, मिटलेला. ज्याला पुढचं ऐकवत नाही त्याने तो उघडायचा. गोष्ट तिथल्या तिथे थांबते आणि तो प्रसंग ओलांडून पुढे जाते. का उघडला हे कुणी विचारायचं नाही, जिना उतरतानासुद्धा नाही. तीन वर्षांत जबडा दोनदाच उघडला होता.

तर महिन्यापूर्वी असं झालं, की वैदूकडे औषधाची एकच मात्रा उरली आणि समोर आजारी दोघं. मुलीने एकाला दिली, दुसरा गेला. मुलगी रडली. हात जबड्याकडे गेला आणि परत आला. ताईंनी विचारलं, "थांबायचं?" ती म्हणाली, "नाही. त्याला पुरायचं कुठे ते सांगा." मग घरी गेली ती रडून लाल झालेले डोळे घेऊन. वडिलांनी डोळे पाहिले, बाकी काही ऐकलं नाही, आणि वाचनालयाच्या समितीला दोन पानी पत्र लिहिलं.

समितीने एक छापील कागद काढला. ताईंनी तो ग्रंथपालबाईंच्या टेबलाशी उभं राहून वाचला. 'खेळात मृत्यू, विश्वासघात, राक्षसी शक्ती व निराशाजनक प्रसंग असणार नाहीत, याची मी हमी देते.'

"मग उरतं काय?" ताई म्हणाल्या. "हवामान?"

"तेही जरा सौम्यच ठेवा," ग्रंथपालबाई म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या, दोन्हीकडून मार खाणाऱ्या ढोलासारखी त्यांची गत होती. "अहो, सही केली की किल्ली तुमचीच. नाही केली तर खोली शिवणवर्गाला जाईल. त्याआधी रविवारी समितीतलं एक माणूस येऊन बसणार, पाहणार आणि लिहून देणार."

"कोण माणूस?"

बाईंनी चष्मा पुसायला घेतला. "तुमचे दादा."

ताईंचे दादा म्हणजे बुवा. आठवड्यातून तीन संध्याकाळी गाऊन निरूपण करणारा माणूस. पेटीवर बोट पडलं की पहिल्या रांगेतली खोकणारी म्हातारीसुद्धा खोकला गिळते. दादांचा शब्द समितीत भारी. आणि भावाबहिणीचं बोलणं गेली चार वर्षं सणासुदीपुरतं, म्हणजे आई गेली तेव्हापासून. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर मिटलं तरी असतं.

रविवारी दादा बरोबर दोन वाजता आले. हातात वही, गळ्याला मफलर. कोपऱ्यातली खुर्ची त्यांनी ओढून टेबलाशी घेतली.

"बुवा, सोंग घेणार का?" ड्रायव्हरांनी विचारलं. "एक घोडा रिकामा आहे."

"घोड्याचंच घ्यायचं का सोंग?"

"नाही हो, बसायला."

दादा हसले, पण वही उघडूनच. ताईंनी त्यांनाही जबड्याचा नियम सांगितला. टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला तो सांगायचा असतो, मग तो समितीचा असो की यमाचा.

आता ताईंच्या मनातलं सांगायला हवं. आज मोहिमेचा शेवट होता, काळ्या दरीवरचा पूल. मागून राक्षसांची फौज, पुढे पूल, आणि सेनापतीची म्हातारी आई, जिला चालवत नाही. तिला नेत बसलं तर फौज पुलावर येते. पूल तोडला तर म्हातारी अलीकडे राहते. तीन वर्षं सगळी वाट इथेच येत होती, आणि ड्रायव्हर गेले चार रविवार विचारत होते, "माझ्या आईचं काय होणार?" पण शनिवारी दुपारी, मेण तापवता तापवता, ताईंचं मन डगमगलं. एक दिवस गोड सांगितलं तर काय बिघडतं? खोली वाचेल. म्हणून त्यांनी कागदावर नवा शेवट लिहून आणला होता.

"सेनापती आईला पाठीवर घेतो," ताईंनी सांगितलं, "आणि धुकं येतं. इतकं दाट, की राक्षस वाट चुकतात. सगळे पूल ओलांडतात."

सिस्टरने फासा हातात घोळवला आणि खाली ठेवला.

"फासे नाही टाकायचे?" मुलगी म्हणाली.

"नको. धुकं आहे ना."

ड्रायव्हर मागे रेलले. "ताई, तीस वर्षं बस चालवतोय. धुक्यात राक्षस चुकतो आणि मी नाही? पाणी घातलंत तुम्ही यात."

"थोडं घातलं," ताई म्हणाल्या.

"कुणासाठी?"

सगळ्यांची नजर दादांच्या वहीकडे गेली. दादांनी पेन्सिल थांबवली. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं? ताई तो चेहरा लहानपणापासून ओळखत होत्या. दुसऱ्या कुणाचं निरूपण फसलं की दादांचा असाच होई. कंटाळा आला होता माणसाला.

आणि त्या कंटाळ्याचाच ताईंना राग आला. जो माणूस निरूपणात आठवड्यातून तीनदा राजाला देशोधडीला लावतो, त्याच्यासाठी आपण दात काढलेली गोष्ट घेऊन आलो. दात लावणं हा आपला धंदा. त्यांनी नव्या शेवटाचा कागद दोनदा फाडला आणि खोक्यात टाकला.

"धुकं नाही," त्या म्हणाल्या. "हे मी सांगितलंच नव्हतं असं धरा. नियम मी मोडला, दंड माझा, पुढच्या वेळी चहा माझ्याकडून. आभाळ स्वच्छ आहे. फौज दिसते आहे. पूल अठ्ठ्याण्णव पावलांचा, फळ्या कुजलेल्या. आई म्हणते, मी इथेच बसते, तुम्ही दोर कापा."

ड्रायव्हर पुढे सरकले. "मी नाही म्हणतो."

"ती म्हणते, तू कधी ऐकलंस माझं? आज ऐक."

"पाठीवर घेतो तिला."

"घे. फासा टाक." फासा पडला. दोन. "तिसऱ्या पावलाला फळी मोडते. तुझा पाय अडकतो. आई तुझ्या खांद्यावरून खाली उतरते, स्वतःहून, आणि अलीकडे जाऊन दगडावर बसते. फौज हाकेवर."

खोलीत खालच्या मजल्यावरचा पंखा ऐकू येत होता. ताई रक्ताचं वर्णन कधी करत नसत. जखम असते, तिचे थेंब मोजायचे नसतात, असा त्यांचा हिशेब होता.

ड्रायव्हरांनी फासा बाजूला सारला. "ती मला काही म्हणते का?"

हे लिहिलेलं नव्हतं. ताईंनी तोंड उघडलं आणि जे आलं ते आलं. "म्हणते, गारठा आहे रे. गळ्याला गुंडाळून घे. तुझा गळा जपायला हवा."

पुढचा शब्द निघायच्या आत जबडा उघडला होता. हात दादांचा होता.

क्षणभर कुणालाच कळेना, की समितीच्या माणसाला हे लागू आहे का. ताईंनी फक्त दोन श्वास घेतले. "पूल तुटला," त्या म्हणाल्या. "सगळे पलीकडे आहेत. सकाळ झाली आहे. पंधरा मिनिटं थांबू या."

ड्रायव्हरांनी मान खाली घातली. ज्या प्रसंगाची त्यांनी तीन वर्षं वाट पाहिली तो त्यांच्या हातून गेला होता. पण त्यांनी 'का' विचारलं नाही. सिस्टरनेही नाही. मुलीने उठून खिडकी उघडली.

जिन्याच्या वळणावर दादा उभे होते. ताई दोन पायऱ्या वर थांबल्या.

"ठमे, हे तू मुद्दाम केलंस?" दादांनी लहानपणीच्या नावाने विचारलं.

"नाही. तोंडातून गेलं."

"शेवटी आईने माझ्याबद्दल असंच काही म्हटलं होतं का? मी तिकडे दुसऱ्या गावी गात होतो तेव्हा?"

"तू विचारलं नाहीस कधी."

"तू सांगितलं नाहीस."

"मग आज सांगते. म्हटलं होतं. हेच."

दादांनी मफलर काढला, घडी केली, पुन्हा उलगडला. मग म्हणाले, "लोकांना सुखाने बसू द्यावं की एक दुपार. रडवायचं कशाला?"

"तुझ्याकडे कशाला येतात? तू राजाची परीक्षा रंगवून सांगतोस, मुलगा जातो, राणी बाजारात उभी राहते. पहिल्या रांगेत रुमाल संपतात. तुला कुणी छापील कागद दिला का?"

"मी शेवटी देव आणतो."

"शेवटी आणतोस. मधला पाऊण तास तो कुठे असतो?"

ताईंना वाटलं, जिंकले. पण दादा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "तो असतो, म्हणूनच तो पाऊण तास सोसतो," ते म्हणाले. "आणि माझ्याकडे पुढे काय होणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. तुझ्याकडे कुणालाच नसतं, तुलासुद्धा नाही. आता पाहिलंस ना? धोका आहे यात, ठमे."

"आहे. नाही कुठे म्हणते? म्हणून तर जबडा ठेवला. तुझा हात पोचला ना तिथवर? मी थांबले ना? त्या मुलीचाही हात पोचला होता. तिने मागे घेतला. कुठे थांबायचं ते तिचं तिला कळतं, तिच्या वडिलांना नाही आणि समितीला तर नाहीच. काळोख नाही असं सांगून माणसाला दिवा कसा विकायचा, दादा? मला नाही जमत. सही मी करणार नाही."

दादा वर गेले आणि सरळ ड्रायव्हरांसमोर उभे राहिले. "तुमच्या आईचं बोलणं मी मध्येच तोडलं. ते पुन्हा घ्या. माझी हरकत नाही आता."

"घेता येत नाही, बुवा," ड्रायव्हर शांतपणे म्हणाले. "झालेलं परत घ्यायचं नाही."

"माझ्यामुळे गेलं ना पण ते."

"जातं. कुणामुळे तरी जातंच." ड्रायव्हरांनी शेजारची खुर्ची सरकवली. "बसा. पलीकडच्या काठावर खूप काम आहे. सेनापतीला अजून रडू आलेलं नाही."

दादा बसले नाहीत. आधी त्यांनी वही काढली, उभ्यानेच लिहिलं, पान फाडलं, आणि ताईंना घेऊन ग्रंथपालबाईंकडे खाली गेले. बाईंनी मोठ्याने वाचलं. "'यात मृत्यू आहे, राक्षस आहेत. समितीच्या नियमात हे बसत नाही. नियम बदलावा असं माझं मत आहे.'" त्यांनी पान उलटून पाहिलं. "बुवा, इथे होय किंवा नाही लिहायचं होतं. शिवाय समितीतले बाकीचे दोघे विरोधातच आहेत. खोली वाचेल असं मला वाटत नाही."

"खोटं लिहून वाचवली असती तर ती हिला नको होती," दादा म्हणाले.

बाईंनी हमीचा कागद ताईंसमोर सरकवला, पेन वर ठेवलं. ताईंनी पेन बाजूला केलं आणि खिशातून किल्ली काढून कागदावर ठेवली.

"समितीच्या बुधवारच्या बैठकीला मी येणार," त्या म्हणाल्या. "सही करायला नाही, बोलायला. मुलगीही येईल, ती स्वतःचं स्वतः सांगेल. हाकललंत तर माझ्या कामाच्या टेबलावरचे साचे उचलेन आणि तिथे खेळ मांडेन. पण म्हातारीला धुक्यातून पार करणार नाही."

बाईंनी किल्ली उचलली, तिच्याकडे पाहिलं, आणि ताईंच्या हातात परत दिली. "मग बुधवारी द्या," त्या म्हणाल्या. "आज पाचपर्यंत खोली तुमच्या नावावर आहे. चार चाळीस झालेत."

ताई जिना चढल्या, मागून दादा. वर सिस्टर आणि मुलगी तुटलेल्या पुलाचे तुकडे दरीत नीट मांडत होत्या. दादा ड्रायव्हरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. या वेळी वही त्यांनी उघडली नाही.

"माझं सोंग काय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच ठरवायचं," मुलगी म्हणाली.

दादांनी विचार केला. "पलीकडच्या काठावर आधीपासून बसलेला एक म्हातारा. त्यानेही अलीकडे कुणाला तरी ठेवलंय."

ड्रायव्हरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आपला सेनापती उचलून त्या म्हाताऱ्याच्या जागेशी आणून ठेवला. ताईंनी घड्याळाकडे पाठ केली.

"ऊन वर आलं आहे," त्या म्हणाल्या. "मागे, दरीच्या अलीकडच्या काठावर, आईचा दगड रिकामा दिसतो. सेनापती, काय करता?"