मंत्राने गोड झालेलं दूध

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर दूधबाबा विराजमान आणि समोर पोट धरून बसलेल्या ‘दोषी’ बायकांची रांग. दोन तासांपूर्वी प्रत्येकीला मोठा पेलाभर दूध पाजलं होतं. जिचं पोट गुडगुडेल ती अपवित्र. इतकं सुटसुटीत शास्त्र!

रांगेत तान्ह्या बाळाला घेऊन बसलेली वहिनी घामाघूम झाली होती. शेजारी तिची सासू आणि नणंद. नणंद औषधांच्या दुकानात कामाला होती.

“दुधाने हिला नाकारलंय!” बाबा गरजले. “सात आठवडे हिची सावलीही लेकरावर पडू देऊ नका. मग हिला माझं दिवसभर मुरवलेलं मंत्राचं दूध पाजा.”

सासूने लगेच तान्ह्या नातवाला सुनेकडून काढून घेतलं. वहिनीचे रिकामे हात तसेच पुढे राहिले. ते पाहून नणंदेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात नुकत्याच ‘शुद्ध’ झालेल्या एका बाईंनी मंत्राचं दूध चाखलं.

“अगं बाई, साखर न घालता गोड!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. नणंदेचे कान टवकारले. बाबांचा पट्टशिष्य दर आठवड्याला तिच्याकडून दुधात घालायच्या थेंबांच्या बाटल्या नेई, ‘महाराजांच्या मांजरासाठी’!

दुकान समोरच होतं. ती धावत जाऊन एक बाटली आणि लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या घेऊन आली आणि थेट व्यासपीठावर चढली.

“पवित्र दुधात हे काय बुडवतेस?” शिष्य किंचाळला.

“महाराज अंतर्ज्ञानी आहेत, त्यांना विचार.”

साध्या दुधात पट्टीचा रंग बदलला नाही. मंत्राच्या दुधात ती बघता बघता हिरवी, मग तपकिरी झाली.

“दुधात लॅक्टोज नावाची साखर असते,” नणंद बाटली उंचावून म्हणाली. “हे थेंब ती फोडतात. मग त्यातून ग्लुकोज निघतं, तेवढंच ही पट्टी ओळखते. दूध जास्त गोड लागतं आणि पोटाला बाधत नाही. मंत्र मुरायला दिवसभर लागतो ना? थेंबांनाही तितकाच वेळ लागतो!”

“मग हिच्यातला दोष?” सासूने विचारलं.

“कसला दोष, आई? तान्हेपणी बहुतेक सगळ्यांना दूध पचतं. मोठेपणी ते पचवणारं द्रव्य जगातल्या बहुसंख्य माणसांत कमी होतं. काहींच्या जनुकांत बारीकसा फरक असतो, म्हणून त्यांना आयुष्यभर दूध पचतं. तो फरक आईवडिलांकडून येतो, पुण्याईतून नाही. बाबा, तुम्ही घ्या ना पेलाभर साधं दूध!”

बाबांना नेमका तेव्हाच निर्जळी उपवास आठवला.

सासू खाली मान घालून पुटपुटली, “मलाही सोसत नाही गं. लग्न झाल्यापासून लपवतेय.” आणि तिने बाळ सुनेच्या मांडीवर ठेवलं.

नणंद गर्दीकडे वळली. “पोट दुखलं तर डॉक्टरांकडे जा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, की भांड्यात काय घातलंय?”