सड्यावरची दुसरी हाक

मित्रांनो, मी एक जुनी गिअरची सायकल आहे. करंजाडे येथे एका तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, मला हुकाला टांगून ठेवले आहे. माझ्या साखळीवर गंज चढला आहे. दोरीवरची ओली चादर वाऱ्याने हलली आणि माझ्या मागच्या चाकाला लागली, की चाक थोडे फिरते आणि टिक, टिक, टिक असा आवाज येतो. ही गोष्ट त्या आवाजाचीच आहे.

माझा जन्म लुधियानातल्या एका कारखान्यात झाला. नेरूळच्या दुकानात मी चार महिने काचेआड उभी होते. मग धनेश मला घेऊन आला. तो तळोज्याजवळच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासतो. मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या चाकावर खडूची खूण केली, मला फरशीवर एक फेरा चालवले आणि टेपने मोजले. दोन मीटर एकोणीस सेंटिमीटर. तो आकडा त्याने माझ्या दांड्यावरच्या किलोमीटर-मीटरमध्ये घातला.

धनेशचे वडील नामदेव यांचे सगळे आयुष्य खाडीत मासे धरण्यात गेले. त्यांचे गाव विमानतळात गेले आणि घर करंजाड्याला आले, तरी ते अजून पहाटे उठून वारा बघतात. त्यांच्याबरोबर धनेश मला एकदा बंदरावर घेऊन गेला होता. तिथे कालवांच्या शिंपल्यांवरून जाताना माझ्या मागच्या टायरचा एक दात तुटला. तेव्हापासून चिखलात माझा ठसा उमटला, की दर दोन मीटर एकोणीस सेंटिमीटरवर त्यात एक रिकामी जागा दिसते. ही गोष्ट लक्षात ठेवा.

धनेशचा मित्र जयदेव नेरूळचा. एका कॉलेजात शिकलेले हे दोघे. जयदेव बडबड्या. धनेश रोज माझी साखळी पुसतो म्हणून तो त्याला "आला सायकलचा डॉक्टर" असे चिडवायचा. नावड्यापर्यंतच्या रोजच्या रस्त्याने दोघेही कंटाळले आणि त्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावरून तीन दिवसांची लांब वाट ठरवली.

सप्टेंबर महिना होता. दोन दिवस आम्ही घाट चढत होतो. शेवटची वस्ती मागे पडली, मोबाइलची रेंज गेली. तिसऱ्या दिवशी आम्ही एका मोठ्या सड्यावर आलो. डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाच्या पठाराला सडा म्हणतात. त्यावर एक उठून गेलेले गाव होते. घरांचे नुसते चौथरे, एक दगडी तुळशीवृंदावन आणि छप्पर नसलेले देऊळ. जयदेवसुद्धा तिथे हळू बोलू लागला.

देवळाच्या पुढे ओल्या कातळावर त्याची सायकल घसरली. घोट्याच्या वर हाड मोडले. धनेशने त्याला देवळाच्या भिंतीशी बसवले, अंगावर ताडपत्री घातली, पाणी आणि गूळ-शेंगदाणे जवळ ठेवले. नकाशाप्रमाणे खालचे गाव नऊ किलोमीटरवर होते. "अंधार पडायच्या आत माणसं घेऊन येतो," धनेश म्हणाला.

"आणि नाही आलास तर मी इथेच प्लॉट घेतो," जयदेव म्हणाला. पण त्याचे ओठ पांढरे पडले होते.

आम्ही निघालो आणि धुके उतरले. माझे पुढचे चाकही धनेशला धड दिसत नव्हते. तेव्हा त्याने वडिलांची रीत धरली. धुक्यात किनारा दिसेनासा झाला, की नामदेव वारा एका गालावर धरून होडी हाकतात. खाडीवर वारा समुद्राकडून, एकाच बाजूने येतो. त्यामुळे वाट सरळ राहते. धनेशनेही वारा उजव्या गालावर धरला.

मित्रांनो, सड्याला चारी बाजूंनी दऱ्या असतात. दिवसा वारा प्रत्येक दरीतून वर चढतो. जिथे जाल तिथे तो कडेकडूनच येतो. त्याला उजव्या गालावर धरून चाललात, तर तुम्ही सड्याभोवती गोल फिरत राहता. धनेश हे शिकलेला होता. त्या वेळी त्याला ते आठवले नाही.

चार किलोमीटर झाले. किंचित उतार लागला, धनेशने पेडल मारणे थांबवले आणि माझे चाक टिकटिकू लागले. तेवढ्यात धुक्यातून हाक आली.

"धने...श!"

बारीक, लांबट, कुठल्या दिशेने ते कळेना. धनेशच्या पाठीतून गेलेला शहारा मला हँडलमध्ये जाणवला. नामदेवांनी त्याला लहानपणीच बजावले होते, "पान्यावर येकदा हाक आली तं ओ द्याची नाय. मानूस असंल तं तीनदा हाक मारील. तीन होईस्तोवर गप ऱ्हायाचं." धनेश गप्प राहिला. पुढे तांबड्या चिखलात त्याला टायरचा ताजा ठसा दिसला. आपल्यापुढे कोणीतरी आहे, या आनंदाने तो त्या ठशामागे निघाला.

मी मात्र तो ठसा ओळखला होता. दर दोन मीटर एकोणीस सेंटिमीटरवर त्यात रिकामी जागा होती. स्वतःच्याच पावलांमागून जाणे काय असते, ते मी त्या दिवशी अनुभवले. पण मला वाचा नाही.

आठ किलोमीटर झाले. पुन्हा तोच उतार आला, तीच टिकटिक झाली आणि दुसरी हाक आली. या वेळी ती जवळून आली. धनेश तिसरीसाठी थांबला नाही. त्याने जीव खाऊन पेडल मारले. चिखलापाशी येऊन पाहतो तर ठसे दोन झालेले. तो खाली वाकला. बोटाने त्याने ती रिकामी जागा चाचपली. मग माझा मीटर पाहिला: बरोबर आठ, म्हणजे चार-चारचे दोन फेरे.

त्याला सगळे कळले. ते देऊळ मागेच, पन्नास पावलांवर असणार. हाका जयदेवच्या होत्या. तिथून नुसती ओ दिली असती, तरी पुरे होते. धनेशने तोंड उघडले आणि मिटले. मग एका ओहोळाच्या पाण्याबरोबर तो उतरू लागला. पाणी चुकत नाही. आम्ही गावात पोचलो तेव्हा अडीच तास वाया गेले होते.

गावकऱ्यांनी घोंगडी आणि बांबूची डोली करून जयदेवला खाली आणले. तो थंडीने कुडकुडत एकच सांगत होता, "कोणीतरी सायकलवर फिरत होतं रे. दोनदा टिकटिक आली. दोन्ही वेळा जीव तोडून हाक मारली. जवळून गेलं, थांबलं नाही." गावकरी एकमेकांकडे बघून म्हणाले, चकवा असणार. धनेश म्हणाला, "मी तर सरळ खाली गेलो."

जयदेवच्या पायावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. पाय वाचला, पण एक इंच आखूड झाला. त्याहून वाईट म्हणजे त्याची झोप गेली. त्याने घरातले टिकटिकणारे घड्याळ काढून टाकले. धनेशने त्याला सांगितले, की सायकल विकली. आणि मला या हुकाला टांगले. दोन वर्षे माझ्या साखळीला त्याने बोट लावले नाही.

गेल्या रविवारी दुपारी नामदेवांनी कोळंबी आणली आणि जयदेवला हट्टाने जेवायला बोलावले. तो काठी टेकत आला. पाने वाढली होती. गॅलरीत वारा सुटला, चादर हलली आणि माझे चाक फिरले.

टिक, टिक, टिक.

जयदेवचा घास हातातच राहिला. "धनेश," तो हळूच म्हणाला, "तुला ऐकू येतंय? की मलाच?"

'नाही' म्हटले असते, तर तो आवाज कायमचा जयदेवच्या डोक्यातलाच ठरला असता. धनेश उठला. त्याने जयदेवला गॅलरीत आणून माझ्यासमोर उभे केले आणि माझे चाक फिरवले.

"तो मी होतो, जय. दोन्ही वेळा. गोल फिरत होतो."

"हाक ऐकलीस?"

"ऐकली. आधी भ्यालो. मग कळलं तूच आहेस, तेव्हा लाज वाटली."

दारात नामदेव उभे होते. त्यांना उमगायला वेळ लागला नाही. "मी पान्यावरचं शिकवलं व्हतं रं," ते म्हणाले, "डोंगरावरचं मला काय ठावं."

जयदेवने काठी भिंतीला टेकवली. "दोन वर्षं मी भुताला घाबरतोय, साल्या," तो म्हणाला. "आणि भूत माझ्याबरोबर चहा पितंय." तो हसला नाही. त्याने स्वतः माझे चाक फिरवले आणि ते पूर्ण थांबेपर्यंत ऐकले. जेवण तसेच टाकून तो काठी टेकत जिना उतरला. धनेश माझा दांडा धरून उभा राहिला.

खाली रस्त्यावर काठीचा आवाज थांबला.

"धनेश!"

एकच हाक.

"ओ!" धनेश इतक्या जोरात ओरडला की समोरच्या सोसायटीतल्या बायका बाहेर आल्या.

जयदेवने वर पाहिले. "काही नाही," तो म्हणाला. "साखळीला तेल घाल तिच्या." आणि तो चालू लागला.

मित्रांनो, परवा मला तेल मिळाले; गंज जायला वेळ लागेल. त्या सड्यावर माझे ठसे आता राहिले नसतील. जयदेव पुन्हा इथे येईल की नाही, मला ठाऊक नाही. तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी सायकल टांगलेली असेल, तर तिला गंजू देऊ नका. आणि धुक्यातून कोणी तुमचे नाव घेतले, तर तीन मोजत बसू नका. पहिल्या हाकेलाच ओ द्या.